विचारून मोडलेली काडी

दादा, परतवाड्याच्या स्टँडवर तू माझी ट्रंक बसच्या टपावर चढवत होतास, तेव्हा बाबांनी माझ्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक जुडी ठेवली होती. शेजारच्या बाईला त्या शेवग्याच्या शेंगा वाटल्या. मी लाजून जुडी सीटखाली सरकवली. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं, मी बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला निघाले होते आणि बाप मला कडुनिंबाची दातवणं बांधून देत होता! "काडी एकच मोडजो, फांदी नको," एवढंच ते खिडकीतून म्हणाले.

तो गुलाबी ब्रश तुला आठवत असेलच. कढीपत्त्याचं आळं खणताना बाबांना सापडला होता, माझा पहिलीतला. केस झडले होते, पण दांडी जशीच्या तशी. बाबांनी तो धुऊन देवळीत ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवत सुटले. "मी मरून माती होईन, पण ह्या प्लास्टिकची काही माती होत नाही," म्हणायचे. तेव्हापासून आपल्या घरात ब्रश बंद आणि पेस्टही बंद. आपण दोघं त्यांना किती हसलो! पण सवय लागली ती लागलीच. गोड फेस तोंडात आला की मला दात घासल्यासारखंच वाटत नाही.

राजाजीनगरात मला वरची खोली मिळाली ती घरमालकीण अक्कांकडे. त्यांचे पूर्वज कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच, पण पहिला आठवडाभर मला ती कन्नडच वाटत होती. यजमान वारलेले, मूलबाळ नव्हतं. भाडेकरू ठेवताना त्यांनी दोनच प्रश्न विचारले, जेवलीस का आणि अंघोळीला गरम पाणी लागतं का. मला तिथं पहिल्या दिवसापासून बरं वाटलं.

जुडी पंधरा दिवसांत संपली. ऑफिसातल्या मुलींना कळलं तेव्हा त्यांनी माझं नाव 'जंगली' ठेवलं होतं, पण मी हट्टाला पेटले. गल्लीच्या टोकाला दगडी कट्टा होता, त्यावर पिंपळ आणि कडुनिंब एकमेकांना बिलगून उभे. मी रोज सकाळी नळाला पाणी यायच्या आत जायची आणि एक काडी मोडून आणायची. एकच हं, बाबांनी सांगितल्याप्रमाणे. वर स्वतःची पाठही थोपटून घ्यायची.

एका शुक्रवारी काडी मोडून वळले तर समोर अक्का, हातात हळदीकुंकवाचं ताट.

"अय्यो! काय केलीस गं हे? माझ्या लेकीचं बोट मोडलीस की!"

मला काही कळेना. मग त्या कट्ट्यावर बसून रडायलाच लागल्या. इकडे पिंपळ आणि कडुनिंब शेजारी लावून त्यांचं रीतसर लग्न लावतात. पिंपळ नवरा, कडुनिंब नवरी. पोटी लेकरू नव्हतं म्हणून अक्का आणि त्यांच्या यजमानांनी त्या निंबाचं कन्यादान केलं होतं. आणि मी महिनाभर त्या नवरीची बोटं मोडून दात घासत होते.

संध्याकाळी अक्का जिन्यातूनच म्हणाल्या, "महिना संपल्यावर दुसरी खोली बघ." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. खोली शोधायला मी येलहंकापर्यंत जाऊन आले. खोल्या मिळत होत्या. जेवलीस का विचारणारं कुणी मिळत नव्हतं.

बाबांना सगळं लिहिलं. वाटलं होतं, रागावतील. आठ दिवसांनी पार्सल आलं, फडक्यात बांधलेल्या ताज्या निंबोळ्या आणि चिठ्ठी. "चूक माझी आहे. आपल्या अंगणात कुणाला विचारायची वेळच आली नाही, म्हणून विचारायला शिकवायचं राहून गेलं. या लाव. पण आधी विचार."

मी निंबोळ्या ओंजळीत घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. "अक्का, मागे परसात लावू का?"

त्यांनी हातातली भाजी बाजूला ठेवली. मग उठल्या आणि खुरपं घेऊन आल्या. "सरी, लाव. पाणी मात्र तूच घालायचं." खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. रोप वाढेस्तोवर दातांना काय, तर त्यांनीच बंबातला कोळसा कुटून, मीठ घालून वाटीत दिला. जंगली आता काळतोंडीही झाली!

तीन-चार वर्षांनी बाबा आले तेव्हा झाड माझ्या डोक्यावर गेलं होतं. पायरीवर चपला काढून त्यांनी विचारलं, "अक्का, एक काडी घेऊ?"

"घ्या की. ह्या धाकटीचं लगीन नाही झालं अजून," अक्का म्हणाल्या, आणि दोघंही हसले. त्या दिवशी मला सगळं मिळाल्यासारखं वाटलं.

पण दादा, हे पत्र लिहायला बसले ते या दिवाळीला घरी आले होते, त्या सकाळसाठी. तू ओट्यावर चहा पीत होतास. मी आपल्या अंगणातल्या निंबाखाली गेले, फांदीला हात लावला आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा, एक काडी घेऊ का?"

बाबांचा झाडू थांबला. "काहून विचारतं वं? पाहुणी हायेस का तू?"

त्यांनी स्वतः काडी मोडून माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून पुन्हा झाडायला लागले. मी सवय, सवय म्हणत हसले, पण मला फार वाईट वाटलं. त्यांनीच शिकवलेलं विचारणं मी त्यांच्याच अंगणात, परक्यासारखं, त्यांनाच दाखवलं होतं.

इकडे परतल्यावर दुसऱ्या सकाळी मी नेहमीसारखं परसातून ओरडले, "अक्का, काडी घेऊ?" त्या आतून वैतागल्या, "घरातली असून रोज रोज काय विचारतेस गं!"

तेव्हापासून मी इथं विचारत नाही. बाबांना हे सांगू नकोस.