सात एकांची संख्या

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या थोरल्या बहिणीची बी.एस्सी.ची परीक्षा संपली. तिचा विषय गणित. पुढं एम.एस्सी. करायचं हे घरात जवळजवळ ठरलं होतं. त्या सुट्टीत तिला एक नाद लागला. नुसते एकाचे आकडे ओळीनं लिहायचे आणि तयार होणारी संख्या मूळ आहे का बघायचं. म्हणजे एक आणि ती संख्या स्वतः सोडून तिला दुसऱ्या कुणाचा भाग जातो का. अकराला जात नाही. एकशे अकराला तीनचा जातो. असं करत ती सात एकांपाशी आली. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

ती पाटी घेऊन एकेका मूळ संख्येनं भागत बसायची. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत आमच्या माडीवर दुपारभर पेन्सिलीची करकर ऐकू यायची.

एका दुपारी आईनं खालून हाक मारली. शाहूवाडीकडचे पाहुणे ठरल्या वेळेआधीच आले होते.

"दोनशे तेहतीसनंपण जात न्हाय," पाटी पुसत ताई मला म्हणाली. "उरलेलं उद्या बघतो."

मुलगा शिक्षक होता. आवड कशाची, विचारल्यावर ताईनं गणित सांगितलं. तो म्हणाला, "मग लग्नानंतर शिका की. आमच्यात कोण न्हाय म्हणणार न्हाय."

तो खोटं बोलला नव्हता. कुणीच तिला अडवलं नाही. पण कोल्हापूरची एसटी सकाळी लवकर असायची, तेव्हा म्हशींच्या धारा चाललेल्या. मग भाताची लावण, मग पहिली मुलगी, मग सासऱ्यांचं आजारपण. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत ते राहूनच गेलं.

दोन हजार सालानंतर मी एम.एस्सी. करत होते. एकदा सरांनी नेमकी तीच संख्या फळ्यावर लिहिली. तिला भागणाऱ्या मूळ संख्येतून एक वजा केला, की उरलेल्याला चौदानं भाग जायलाच हवा, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं. तशा मूळ संख्या क्रमानं घेतल्या, तर आठव्या संख्येलाच उत्तर सापडतं. दोनशे एकोणचाळीस. दोनशे तेहतीसनंतरची पुढचीच मूळ संख्या.

दिवाळीत ताईकडं गेले तेव्हा न राहवून सांगितलं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर तिनं भागाकार केला. बाकी शून्य आली.

"चौदाच का?" तिनं विचारलं.

मी सिद्धता सांगू लागले. ती अर्ध्यावर असतानाच ताई म्हणाली, "कळलं. राहू दे." आणि उरलेली तिनंच पुरी केली. वर्गात सरांना ती आम्हाला दोनदा समजावून सांगावी लागली होती.

"हे एम.एस्सी.ला शिकवतात व्हय?"

"पहिल्याच वर्षी."

ती कागदाकडं बघत राहिली. दाजी दारात उभे होते. हळूच म्हणाले, "अजून कर की. पोरी मोठ्या झाल्यात आता."

"आता कुठं," ताई म्हणाली. "तसं डोकं चालत न्हाय आता."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मग ते गोठ्याकडं वळले. ताईनं पेन्सिल मुलीच्या दप्तरात ठेवली आणि मला विचारलं, चहा घेणार का.