घाम गार पडण्याआधी

पावसाळा संपल्यावर धावायला लागले, तेव्हा बुटांखेरीज काही लागत नव्हतं. थंडी पडली आणि सगळी तयारी बदलावी लागली. पहिल्या गार पहाटे मी स्वेटर, त्यावर यजमानांचं जाड जाकीट, कानटोपी, मफलर असा जामानिमा करून निघाले. यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं, जाकीट मात्र खुंटीवरच होतं. वस्ती मागे पडेपर्यंत मी आतून घामाने चिंब. कालव्याच्या पुलावर दम खायला थांबले, तसा घाम अंगावरच गार पडला आणि दात वाजायला लागले.

दुसऱ्या दिवशी जाकीट घरी ठेवलं. पातळ सदरा, वर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, कान झाकलेले, खिशात मोबाईल. सुरुवातीला थंडी वाजलीच पाहिजे, पुढे अंग तापतं. रात्री शेतांना पाणी दिलेलं असलं की रस्त्यावर चिखल येतो, तिथे चालत जायचं. हे सगळं आठवड्याभरात बसवलं. एकच गोष्ट बसेना. लेक पुण्याला. मी कुठे पडले, तर तिचा ऑफिसातून फोन येईपर्यंत कोणाला कळणार नव्हतं.

उसाचा हंगाम सुरू होता. उजाडायच्या आत तोडकऱ्यांच्या बैलगाड्या कारखान्याकडे निघत. एकदा वळणावर समोरून येणारी गाडी थांबली. नवऱ्याच्या हातात कासरा, शेजारी बायको गोधडी पांघरून. आमच्याकडे बाई अशा वेळी पळते ती काहीतरी विपरीत घडल्यावरच. कोण आजारी आहे का, दवाखान्यापर्यंत सोडू का, असं तिने घाबरून विचारलं. कोणी नाही, व्यायामाला पळतेय, म्हटलं. तिला हसू आवरेना.

"एवढ्या गारठ्यात? घरी कोन अडवाया न्हाई व्हय?"

"नाही," मी म्हणाले.

तिचं हसू थांबलं. नवऱ्याने बैल हाकले.

त्यानंतर रोज ती गाडीवरून हाक मारी, नवऱ्यालाही उतरून पळायला सांगे. मी हात वर करी. तेवढंच. मध्ये खोकल्याने मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा थांबली.

"कुठं गेल्त्या? आमी वाट बगितली की," ती रागावून म्हणाली.

त्या दिवशी पूल कधी आला कळलंच नाही.

मग एका पहाटे गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हंगाम संपून कारखाना बंद झाला होता. रस्त्याकडेच्या तोडकऱ्यांच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, उठल्या होत्या, पाचट आणि चुलींची राख तेवढी उरली होती. पहाटेचा गारठा अजून होता. आता पुन्हा वाट बघणारं कोणी नव्हतं. वळणावर पाय हळू झाले. पाठीवर घाम जाणवत होता, थांबले असते तर गार पडला असता.

मी पुलाकडे पळत राहिले.