आईची पाच लुगडी

कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला की आईची लाकडी संदूक आठवते. आत पाच लुगडी होती, लग्नापासून घडीसुद्धा न मोडलेली. एका वर्षी ती नुसतीच पडून आहेत म्हणून आईने वैतागून त्यातली चार आमच्या शेतात धानाच्या रोवणीला आलेल्या चार बायांना वाटून टाकली. दुसऱ्या दिवशी बाया जुन्या फाटक्या लुगड्यांतच धानाच्या बांधीत उतरल्या. "काऊन नाही नेसल्या वं?" आईने विचारलं. "एवढं चांगलं लुगडं चिखलात कायले नेसू, बाई? जपून ठेवून देलं," एकीने सांगितलं. आई तशीच घरी गेली आणि उरलेलं जरीकाठाचं नेसून थेट गुडघाभर चिखलात येऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी बांधीत पाची नवी लुगडी वाकून रोवत होती. आज मी माझं कपाट रिकामं केलं, जपून ठेवलेल्या साड्या वाटून टाकल्या. चिखलाच्या डागाचं आईचं ते जरीकाठाचं तेवढं ठेवलं.