आतोबांची शिरगणती

साऱ्या कुलाबा जिल्ह्यात माणसांचा हव्यास असलेला आमच्या आतोबांएवढा दुसरा माणूस झाला नाही. कुणाला जमिनीची हाव असते, कुणाला जेवणाची. आतोबांना डोकी हवी असत. म्हसळ्याला मास्तरकी करून ते खाडीकाठच्या आपल्या गावी येऊन राहिले आणि एका जुन्या पुस्तकात त्यांनी वाचलं, की अमेरिकेत नव्या मुलखात पाच हजार स्वतंत्र बाप्ये जमले की लोकांना आपली सभा निवडता येई आणि साठ हजार वस्ती झाली की वेगळं राज्यच मागता येई. तोवर वरून नेमलेला सुभेदार. "म्हणजे बघ," ते मला म्हणाले, "स्वराज्य हे शेवटी बारशांवर अवलंबून असतं!"

झालं. आपल्याकडे पंचायतही डोकी मोजूनच मिळे; ती गावाला मिळवायचीच, असा त्यांनी ध्यास घेतला. कुणाकडे बारसं असलं की बापाच्या आधी आतोबा हजर. कुणाकडे पाहुणा आला की "कधी आलात?" न विचारता "बिऱ्हाड करताय का?" विचारायचे. एका कल्हईवाल्याला त्यांनी तीन महिने ओसरी फुकट दिली. तो निघून गेला त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. शिरगणती जवळ आली तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी पत्र घातलं : "तेवढ्या दिवसापुरतं तरी घरी या."

एवढं करूनही पंचायतीच्या अर्जाला अलिबागेच्या कचेरीतून उत्तर आलं, की वस्ती अपुरी आहे, शेजारच्या गावात सामील व्हा. म्हणजे आपल्या विहिरीचा गाळ काढायलाही त्या गावाला विचारायचं! आतोबा दोन दिवस वहीतली नावं पुन्हा पुन्हा मोजत बसले. तिसऱ्या दिवशी आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "खाडीपलीकडचा कोळीवाडा धरलात का?"

धरला नव्हता. आमच्या बागाईतदारांनी तो गावात कधी धरलाच नव्हता. आतोबांनी वही उचलली, मीही बरोबर निघालो. पहिल्याच अंगणात एक बाई सुकट वाळत घालत होती. ती म्हणाली, "मोजाला आलात मास्तर, पन पंचायतीत बसवाल का आमच्या मानसांना?"

आतोबांची पेन्सिल थांबली. "बसवीन."

"आनि न्हाय बसवलं तर?"

"तर मीही बसणार नाही."

देवळात बागाईतदार खवळले. "मास्तर, आता कोळी आमचा कारभार बघणार?"

"त्यांच्यावाचून कारभारच नाही," आतोबा म्हणाले, "मोजून बघा."

मोजून बघितलं. नाइलाज झाला. नवा अर्ज गेला आणि पंचायत मिळाली. निवडणूक हात वर करून, आणि हात फक्त बाप्यांचे. "मोजायला आम्ही आणि हात वर करायला तुम्ही," आत्या दारातून म्हणाली. "तेवढी चूक अमेरिकेनंही केली होती," असं काहीतरी पुटपुटत आतोबा निघाले.

सरपंचपदासाठी ते स्वतः उभे होते आणि समोर कोळीवाड्याचा तांडेल, होड्यांचा म्होरक्या. बागाईतदारांनी रागानं हात वर केले नाहीत आणि कोळीवाड्यानं साहजिकच आपल्या तांडेलासाठी केले. आतोबांसाठी माझा हात आणि आणखी चार-पाच. तांडेल निवडून आला. आतोबांनी स्वतः उठून त्याला गादीवर बसवलं.

परत येताना मी विचारलं, "वाईट वाटलं का हो?"

"वाटलं तर! पण अरे, मला पाडायला केवढी माणसं आली होती!"

मग ते बांधावर बसले. मीही बसलो. घरी जायची घाई दोघांनाही नव्हती.