न लिहिलेली अट

पहिल्याच भेटीत एखाद्या बाईने आपल्याला गुन्हेगार ठरवावं आणि आपल्याला राग येण्याऐवजी घाम फुटावा, असं माझ्या बाबतीत एकदाच घडलं. मी एरंडोलचा दस्तलेखक. खरेदीखतं, बक्षीसपत्रं लिहिता लिहिता केस पिकले. एका सोमवारी पांढरं पातळ नेसलेली, पायात कॅनव्हासचे बूट घातलेली साठीपुढची बाई माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. एक दस्त माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "हाई कोणी लिखं?"

खाली शिक्का माझाच. नाही कसं म्हणणार?

या शिरपूरच्या लीलाअक्का. सरकारी नर्स होत्या. उभी नोकरी सातपुड्यातल्या पाड्यांवर लसी टोचत पायी फिरण्यात गेली, बूट तेव्हापासूनचे. दस्त होता त्यांच्या थोरल्या बहिणीचा, वत्सलाबाईंचा. वत्सलाबाईंनी एरंडोलचं आपल्या नावावरचं घर एकुलत्या एका मुलाला, प्रवीणला, बक्षीस दिलं होतं. पुढे त्या न्हाणीत पडल्या, खुबा मोडला, अंथरूण धरलं. प्रवीणने घर शिकवणीवाल्यांना भाड्याने दिलं, बिऱ्हाड जळगावला हलवलं आणि "दहाच दिवस ठेवून घ्या" म्हणून आईला शिरपूरला मावशीकडे सोडलं. त्या दहा दिवसांचे आठ महिने झाले होते आणि तो फोन उचलत नव्हता.

"माले बहीण जड नही," अक्का म्हणाल्या. "पण ती रातदिन म्हनस, माले मना घर लई चाल."

मला तो दस्ताचा दिवस लख्ख आठवत होता. "मरेपर्यंत सांभाळील, एवढं एक वाक्य टाका हो भाऊ," असं वत्सलाबाई म्हणाल्या होत्या. प्रवीणही म्हणाला होता, "टाका ना, मी कुठं नाही म्हणतो?" आणि मी मोठा शहाणा! हसून म्हणालो, "अहो मावशी, पोटच्या पोराला अट घालायची? साक्षीदार काय म्हणतील?" आमच्याकडे आईने मुलाला कागदावर अट घालणं म्हणजे चारचौघांत त्याचा अपमान. म्हणून आम्हा सगळ्या टेबलवाल्यांचा मजकूर ठरलेला असतो: प्रेमापोटी, राजीखुशीने, बिनशर्त. मी तोच छापला. वर पेढाही खाल्ला.

अक्कांना हे सगळं खरं खरं सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले. "परेम शे ना? मंग लिखाले काय जास?"



म्हाताऱ्या आईबापांसाठी कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, मुलाने सांभाळलं नाही तर परत घेता येते. प्रांतसाहेबांकडे साधा अर्ज करायचा. पण इथे दस्तच 'बिनशर्त' म्हणत होता. साक्षीदार सहीपुरते आलेले, त्यांना काही ठाऊक नव्हतं. अट तोंडी ठरली होती हे सांगू शकणारा बाहेरचा माणूस मी एकटा. अक्कांना माझं प्रतिज्ञापत्र हवं होतं.

मी टाळलं. प्रवीणचे वडील माझे दोस्त होते, आणि स्वतःच्या दस्ताची चूक कचेरीत कबूल केल्यावर माझ्याकडे कोण येणार? अक्का पुढच्या सोमवारी आल्या. त्याच्या पुढच्याही. शिरपूरहून धुळे, धुळ्याहून पारोळ्यावरून एरंडोल, एसटीने. येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसायच्या आणि बक्षीसपत्राला आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला विचारायच्या, "आबा, सांभाळानं लिखी लिधं का?" दोन गिऱ्हाइकं तर उठून घरी गेली.

"अक्का, माझा धंदा बसवता का हो?"

"तुना धंदा बसाडाले मी नही उनू. मनी बहीणले तिनं घर पाहिजे."

चौथ्या सोमवारी मी सही केली. खरं सांगतो, धंद्याच्या भीतीने नाही. त्या दिवशी त्यांच्या बुटांना चिखल होता, आणि मला माझी लाज वाटली.

पण अर्जावर सही करायला वत्सलाबाईच तयार नव्हत्या. पोराची बदनामी होईल म्हणून रडायच्या. अक्कांनी त्यांना उपदेश केला नाही. कागदावर घराचा नकाशा काढला. पुढची खोली शिकवणीवाल्यांकडेच राहील, त्या भाड्यातून दिवसभराची बाई लावायची. मागच्या खोलीत खाट, न्हाणीला धरायला कठडा. औषधं अक्कांनी बँकेत ठेवलेल्या पैशांच्या व्याजातून. "दया नको आपले, सोय पाहिजे," त्या म्हणाल्या. वत्सलाबाईंनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि पेन मागितलं.

प्रांतसाहेबांनी मला विचारलं, "अट ठरली होती तर तुम्ही लिहिली का नाही?" मागे माझे टेबलवाले सोबती उभे होते. म्हटलं, "साहेब, दुसऱ्याच्या आईची सोय लिहायला मला संकोच वाटला. चुकलं." प्रवीणला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "टाका म्हणालो होतो मी." दस्त रद्द झाला.

अक्का गेल्या वर्षी गेल्या. वत्सलाबाई अजून त्याच मागच्या खोलीत आहेत, ती बाई रोज येते, भाडं वेळेवर मिळतं. अक्कांनी सगळं असं बसवून दिलं होतं की त्यांच्यावाचून काही अडू नये. मला मात्र त्यांच्यावाचून फार अडतं. आता अट लिहिल्याशिवाय मी बक्षीसपत्र करत नाही, आणि लोक नाक मुरडतात तेव्हा त्या बाकावर असायला हव्या होत्या असं वाटतं.

घर परत मिळालं त्यानंतरचा पहिला रविवार मी विसरणार नाही. मी भेटायला गेलो होतो. प्रवीण फाटकाशी येऊन उभा राहिला, आत यायची छाती होईना. खाटेवरून वत्सलाबाई म्हणाल्या, "लीले, बोलाव ना वं त्याले. उपाशी व्हई." आता अक्का त्याला उभा जाळणार असं मला वाटलं. अक्कांनी उठून ताट वाढलं, भरीत आणि कळण्याची भाकरी. "ये रे भो, बस," म्हणाल्या. तो मान खाली घालून जेवू लागला. मग अक्का बहिणीच्या कानाशी वाकल्या आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"पोटभर जेवाले घाल तुन्या पोऱ्याले. सही मातर दिऊ नको."