यमुनाकाकूंचं मनगट

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! आई मात्र म्हणायची, "याच्या शपथेवर कोणी चहासुद्धा पाजू नका." तिचंही खरंच. पण वेचलेला कापूस घरात भरतो ना, आधी कोपरा, मग खोली, मग झोपायला जागा नाही, तसे आमच्या तलमडुगू गावच्या गोल्फचे किस्से साचलेत. हो, गोल्फच! हसायचं नाही.

*

कुलकर्णी सर फिजिक्सचे, आदिलाबादला रिटायर झालेले. हैदराबादच्या मुलानं त्यांना चार स्टिका दिल्या. माझा मित्र शंकर, त्याच्या पडीक रानात सर रोज संध्याकाळी आम्हा दोघांना शिकवायचे.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "स्टिकच्या टोकाचा वेग महत्त्वाचा. तो हातातून येत नाही. आधी पाय, मग कंबर, खांदे, हात, सगळ्यात शेवटी मनगट. प्रत्येकानं आपला वेग पुढच्याला द्यायचा आणि थांबायचं."

शंकर म्हणाला, "सरकारी ऑफिसातल्या आमच्या अर्जासारखं! फक्त तिथं वेग कोणी देत नाई, नुसतं थांबतेत."

*

शंकरनं पहिला फटका मारला. बॉल जागच्या जागी, ढेकूळ मात्र बांधापर्यंत!

"ताकद नको, वेग हवा!" सर ओरडले. "स्टिक हलकी धर. हातात पाखरू आहे असं समज."

"पाखरू ढिलं सोडलं त जवारी कोण राखन, सर?"

बाजूच्या जवारीतल्या मचाणावरून त्याची आई, यमुनाकाकू, बघत होत्या. "शंकऱ्या, काऊन जमीन उकरून राह्यला? नांगर हाय ना घरी!"

*

मग सरांनी मातीत आकृती काढली. मनगट शेवटपर्यंत मुडपून ठेवायचं. हात मंदावले की स्टिक उलगडते आणि टोक सुसाट सुटतं.

काकू मचाणावरून उतरल्या. "अवं मास्तर, हे त गोफण हाय! हात थांबते तवाच गोटा पळते." आणि तिथूनच गोफणीनं गोटा फेकून लांबच्या पळसावरचे पोपट उडवले.

सरांना झोंबलं. "पाखरं हाकलणं वेगळं, गोल्फ वेगळा! तुम्हाला यातलं विज्ञान कळायचं नाही. रविवारी तुमच्यापैकी एकानं समोरच्या ओढ्यापल्याड बॉल घालून दाखवावा. नाहीतर स्टिका परत हैदराबादला!"

शंकरचं तोंड उतरलं. दिवसभर त्याला या संध्याकाळचीच ओढ असायची.

*

रविवारी माझे तीन आणि शंकरचे तीन, सगळे बॉल ओढ्यात. सर स्टिका बांधायला वाकले.

"थांबा मास्तर." काकूंनी पदर खोचला. "आण रे ते दांडकं."

पाय रोवले, कंबर फिरली, खांदे, हात, आणि अगदी शेवटी मनगट. सूंऽऽऽ! पण गोफणीत त्याच क्षणी एक दोरी सोडायची असते. चाळीस वर्षांची सवय! काकूंची मूठ उघडली. स्टिक गरगरत ओढ्यापल्याड कापसात. तिच्या वाऱ्यानं सरांची टोपी उडाली. बॉल तिथंच.

सर म्हणाले, "काकू, बॉल?"

"बॉलाचं मले इचारू नका! आठ दिवस तुमीच सांगून राह्यले, टोकाचा वेग पायजे म्हून. टोक पल्याड हाय. जा, मोजा! अन् दांडके इथून हलवाल त गोफण हाय माह्यापाशी!"

स्टिका अजून शंकरच्याच घरी आहेत.

बरं, एक गोष्ट मी रचली, कबूल. टोपी वाऱ्यानं उडाली नव्हती. सरांनी स्वतः काकूंसमोर काढली होती.