कपाटातला कान

मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला एक प्राथमिक शाळा होती. तिथे मी दर मंगळवारी जायची. माझं काम विशेष शिक्षिकेचं. म्हणजे ज्या मुलांना पाहायला, ऐकायला किंवा समजायला अडचण आहे, त्यांना नेहमीच्याच शाळेत, इतर मुलांबरोबर शिकता यावं म्हणून मदत करायची. माझ्याकडे अशा बऱ्याच शाळा होत्या आणि सगळीकडे माझं स्वागत एकाच वाक्यानं व्हायचं, "या, तुमची मुलं तिकडे बसलीयेत." मुलं पटावर त्यांच्या, पण माझी.

त्या शाळेत पहिलीत एक मुलगी होती. जन्मापासून तिला फार कमी ऐकू यायचं, त्यामुळे बोलता येत नव्हतं. वडील यार्डात टेम्पो चालवायचे, आई घरी बसून हॉटेलांसाठी लसूण सोलायची. पहिल्याच भेटीत आईनं मला विचारलं, "मॅडम, मेरेको अम्मी बोलेगी ना?" मी म्हटलं, कानाला मशीन मिळालं आणि ते रोज, दिवसभर घातलं तर बोलू शकेल. पण घाई करायला हवी. मूल बोलायला शिकतं ते ऐकून ऐकून, आणि त्याचं एक वय असतं. ते उलटून गेलं की कानात कितीही आवाज सोडा, त्याचे शब्द होत नाहीत. या मुलीचं ते वय सरत आलं होतं.

मशीन मिळालं, हेच नवल. आधी शिबिरात कान तपासले, मापं घेतली. मग मांडव घालून वाटप झालं, नारळ फुटला, मुलीला मधे उभं करून फोटो निघाले. पुढच्या मंगळवारी मी उत्साहानं वर्गात गेले, तर मुलीचा कान रिकामा. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "मोठ्या बाईंकडे आहे."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. त्यातून त्यांनी मशीनची डबी काढून माझ्या हातात दिली.

"तुमचा तास झाला की परत आणून द्या."

"अहो, हे तिच्या कानात राहायला हवं. घरीसुद्धा."

"घरी? सरकारी वस्तू आहे ती. शाळेच्या नावावर आलीये, डेड स्टॉकच्या रजिस्टरला चढवलीये मी. हरवली तर आपण येणार आहात का चौकशीला?"

मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या, हे लिहिताना आजही माझा हात अडखळतो. त्या मुलीला त्या स्वतःच्या डब्यातली पोळी द्यायच्या. पण पूर्वी कधीतरी शाळेतली गाण्याची पेटी चोरीला गेली होती आणि त्या चौकशीनं त्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. आता निवृत्ती जवळ आली होती. शाळेतली एकेक वस्तू मोजून ताब्यात दिल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती. म्हणून त्या शाळेत जे जे चांगलं ते ते कपाटात होतं. पृथ्वीचा गोल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, कॅरमच्या सोंगट्यांची पिशवी शिवून टाकलेली. त्यात या मुलीचा कान जाऊन बसला.

मी आईला म्हटलं, तुम्ही मागा, तुमचा हक्क आहे. ती पदराला हात पुसत म्हणाली, "हमको नको मॅडम. घर में छोटे बच्चे हैं. कुछ हुआ तो साब लोग पूछेंगे." सरकारी वस्तूची जी भीती मोठ्या बाईंना, तीच तिलाही. दोघी एकमेकींशी दोन वाक्यांपलीकडे कधी बोलल्या नसतील, पण या बाबतीत त्यांचं अगदी एकमत होतं.

मग मला उरला मंगळवारचा तास. मी तिच्या पाठीमागे डफली वाजवायची; आवाज आला की तिनं वाटीत मणी टाकायचा. पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा तिनं मणी टाकलाच नाही. ती वळून डफलीकडे, मग माझ्याकडे बघत राहिली आणि खुदकन हसली. मला रडूच आलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभर शांतता आणि मधे एक तास आवाज, यातून कुठल्या मुलाला भाषा येणार?

साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी मात्र सकाळपासून मशीन कानात. आत सेल न घालता. मी विचारलं तर मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, घातला की संपतो. शिवाय मधेच शिट्टी वाजते, साहेबांसमोर बरं दिसत नाही." मुलीला पहिल्या बाकावर बसवलं होतं. साहेबांनी वाकून पाहिलं आणि मशीन अगदी नव्यासारखं ठेवलंय म्हणून शाळेचं कौतुक केलं. मी तिथेच सांगितलं की आत सेल नाही आणि एरवी हे कुलपात असतं. साहेब म्हणाले, "मॅडम, वापर झालाच पाहिजे. पण जपून." मग चहा आला. नंतर मी कचेरीतही जाऊन भांडले. तिथेही मला हेच ऐकवलं, फक्त चहा नव्हता.

अशी दोन वर्षं गेली. मुलगी तिसरीत गेली. वरच्या वर्गात ढकलायला ऐकू यावं लागत नाही. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. कपाट ताब्यात देताना त्यांनी डबी उघडून तळहातावर धरली आणि मला म्हणाल्या, "बघा, एक ओरखडा नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ती डबी हिसकावून खिडकीबाहेर भिरकावून द्यावीशी वाटली.

नव्या मुख्याध्यापिका तरुण होत्या. त्यांनी मशीन सरळ घरी नेऊ दिलं. दोन वर्षांत मुलीचा कान वाढला होता, म्हणून कानात बसणारा भाग पुन्हा मापानं करून घेतला आणि तो कसा बसवायचा ते आईला दाखवायला मी त्यांच्या घरी गेले. आईनं लसूण बाजूला सारला, साबणानं हात धुतले. मशीन बसलं. सेल घातला. आई हळूच तिच्या पाठीमागे गेली आणि तिनं नावानं हाक मारली.

मुलगी चटकन वळली. आई आनंदानं किंचाळलीच. तेवढ्यात शेजारी कुकरची शिट्टी झाली. मुलगी तशीच चटकन तिकडे वळली. रस्त्यावर हॉर्न वाजला, तिकडे वळली. आईनं पुन्हा हाक मारली, तेव्हा ती दाराकडे बघत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. त्यातलं आईचं कुठलं, हे तिला कळत नव्हतं, आणि आता ते कळणं किती अवघड आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

आई तिच्यासमोर बसली, स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "अम्मी." मुलीनं नेहमीसारखं तिच्या ओठांकडे टक लावून पाहिलं. मग तिचेही ओठ तसेच, हुबेहूब हलले. आवाज नव्हता.

आईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग घाबऱ्या घाबऱ्या माझ्याकडे वळून म्हणाली, "हमारे हाथ से कुछ बिगडा तो नहीं ना, मॅडम?"